मुद्दाम केलेलं ब्लॉकेज

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून हे पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा गोषवारा असा :

मी ३४ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलगी सहा वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी वजन झपाट्यानं उतरायला लागलं, छातीत धडधड, रात्र रात्र झोप नाही, फळ्यावर लिहिताना खडू थरथरायचा. ग्रेव्ह्ज डिसीजचं, म्हणजे थायरॉइड अति काम करण्याच्या आजाराचं, निदान झालं. दीड वर्ष कार्बिमॅझोल घेतलं, रिपोर्ट नॉर्मल आले, गोळ्या थांबवल्या आणि सात महिन्यांत पुन्हा सगळं पहिल्यासारखं. परत गोळ्या सुरू आहेत, पण डॉक्टर म्हणतात, आता कायमचा उपाय करा. रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीन) घ्या नाहीतर ऑपरेशन. सासूबाई रेडिओआयोडीनला ‘अणुबॉम्बचं औषध’ म्हणतात. ऑपरेशनची भीती मला स्वतःला आहे. मी भजनी मंडळात गाते, शाळेतला परिपाठही माझ्याकडेच असतो. आवाज गेला तर? शिवाय गळ्यावर व्रण, आणि थायरॉइड काढल्यावर जन्मभर गोळी. अशात दिरांनी एक व्हिडिओ पाठवला. थायरॉइडला रक्त पुरवणाऱ्या धमन्याच आतून बंद करतात. टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी, जन्मभराची गोळी नाही. एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात चौकशी केली, करतो म्हणाले. पैशांसाठी पाटल्या मोडाव्या लागतील. आम्हाला दुसरं मूलही हवं आहे. करून घेऊ का? आणि आमच्या डॉक्टरांनी हा उपाय आम्हाला सांगितला का नाही? लपवला का?

प्रिय ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. ही शंका मनात असेपर्यंत माझं काय किंवा तुमच्या डॉक्टरांचं काय, कुणाचंच बोलणं तुमच्यापर्यंत पोचणार नाही. त्यांनी काही लपवलेलं नाही. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१६च्या आणि युरोपियन थायरॉइड असोसिएशनच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचना ग्रेव्ह्जसाठी तीनच वाटा सांगतात : गोळ्या, रेडिओआयोडीन, ऑपरेशन. धमनी बंद करण्याच्या उपायाला, म्हणजे एम्बोलायझेशनला, या तिघांच्या पंगतीत अजून पाट मिळालेला नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी तो आपणहून सुचवला असता तर मलाच जरा नवल वाटलं असतं.

म्हणून तो थोतांड ठरतो असंही नाही. एकोणिसाव्या शतकातले सर्जन थायरॉइडच्या धमन्या दोऱ्यानं बांधायचे, रक्त तोडलं की ग्रंथी आवरेल या हिशेबानं. तेच काम कॅथेटरनं आतून करून ग्रेव्ह्ज आवरता येईल का, याचा पहिला अनुभव रशियातल्या डॉक्टरांनी १९९४ साली छापला. पुढे चीन, पोलंड, तुर्कस्तान इथून अहवाल आले. पण हे सगळे छोटे छोटे गट. तुर्कस्तानातल्या एका केंद्रानं २०२१ साली ५६ रुग्णांची माहिती मांडली, तीही गाठी असलेल्या गलगंडाची. तुमचा आजार वेगळा. शेजारी रेडिओआयोडीन ठेवून पाहा. त्याचा पहिला डोस बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ या डॉक्टरांनी १९४१च्या मार्चमध्ये दिला. तेव्हापासून किती लाख लोकांनी ते घेतलं असेल, आणि त्यांचं वीस-तीस वर्षांनी काय झालं हेही नोंदलेलं आहे. धमनी बंद केलेल्या बाईचं वीस वर्षांनी काय होतं, हे सांगायला अजून पुरेशा बायकाच नाहीत.

आता व्हिडिओत जे दिसलं ते जरा जवळून बघू. गंमत अशी की आपल्याकडे ‘ब्लॉकेज’ हा शब्द नुसता उच्चारला तरी अख्खं घर हादरतं. कर्ज काढू पण ब्लॉकेज काढू असा मामला असतो. आणि इथे तुम्ही ब्लॉकेज करून घ्यायला पाटल्या मोडताय! कल्पना उलटी वाटली तरी जागा तीच : कॅथ लॅब, वर फिरणारा एक्स-रे, टीव्हीसारखे पडदे. फक्त हृदयाच्या डॉक्टरांऐवजी तिथे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट असतात. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी आत सरकवतात, एक्स-रेत दिसणारं द्रव्य (डाय) सोडून मानेतल्या धमन्यांचा नकाशा काढतात. थायरॉइडला चार मुख्य धमन्यांतून रक्त मिळतं. दोन वरून येतात, कॅरॉटिड या मानेतल्या मोठ्या धमनीच्या बाहेरच्या फांदीतून. दोन खालून, हाताकडे जाणाऱ्या धमनीच्या एका फांदीतून. जेमतेम पंधरा-वीस ग्रॅमची ही ग्रंथी, पण ग्रेव्ह्जमध्ये ती इतकी रक्ताळते की गळ्यावर स्टेथोस्कोप टेकवला तर कधी कधी आतून वारं वाहिल्यासारखा आवाज येतो. तर या धमन्यांच्या तोंडाशी केसासारखी दुसरी नळी नेऊन पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे किंवा तसल्याच पदार्थाचे कण सोडतात. कण किती मोठे? बारीक रव्याएवढे. ते जाऊन बारीक वाहिन्यांत अडकतात, पुढचा भाग उपाशी मरतो. पुष्कळदा चारांपैकी तीनच धमन्या बंद करतात, कारण थायरॉइडच्या पाठीला चिकटून मसुराएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, कॅल्शियम सांभाळणाऱ्या. त्यांचंही रक्त याच धमन्यांतून येतं, बहुतेक वेळा खालच्या.

इथवर व्हिडिओ खरं बोलतो. टाका खरोखरच नाही.

पण टाका नाही म्हणजे धोका नाही, हे तुम्ही (आणि दिरांनी) न विचारता धरून चाललात. मान म्हणजे गजबजलेली पेठ आहे. एका दुकानाचं शटर पाडायला गेलात तर शेजारच्यालाही धक्का लागू शकतो. वरच्या धमनीचं मूळ मेंदूला रक्त नेणाऱ्या वाटेपासून बोटभरावर. खालच्या धमनीच्या आसपासून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला रक्त देणाऱ्या बारीक फांद्या निघतात. कण वाट चुकले तर काय होईल, हे मी फोड करून सांगायला नको. असं क्वचित होतं, हात सराईत असेल तर फारच क्वचित. ते सराईत हात कुठे आहेत, एवढाच प्रश्न आहे. हृदयाची अँजिओप्लास्टी करणारी कॅथ लॅब आता जिल्ह्याच्या गावातही आहे. थायरॉइडच्या धमन्या नेहमी बंद करणारी माणसं बोटावर मोजण्याइतकीच.

दुसरी गोष्ट व्हिडिओत सहसा नसते. ग्रंथीचा मोठा भाग एकाएकी मरतो तेव्हा त्यात साठवलेले हार्मोन रक्तात सुटतात. पहिले काही दिवस गळा दुखतो, ताप येतो, धडधड उलट वाढते. हे हाताबाहेर गेलं तर त्याला थायरॉइड स्टॉर्म म्हणतात, आणि त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून चांगले डॉक्टर आधी गोळ्यांनी टी-थ्री, टी-फोर हे थायरॉइडचे हार्मोन ताळ्यावर आणतात आणि मगच हात लावतात. त्यात त्या डायमध्ये आयोडीन असतं. अति काम करणाऱ्या थायरॉइडला ते म्हणजे चुलीत तेल. आणि आयोडीननं भरलेली ग्रंथी पुढचे बरेच आठवडे रेडिओआयोडीन ओढून घेत नाही, म्हणजे धमनी बंद करूनही भागलं नाही तर दुसरी वाट लगेच धरता येत नाही. हा मुद्दा रुग्णालयात कुणी काढला होता का, आठवून पाहा.

माझा खरा अडसर मात्र वेगळा आहे. ग्रेव्ह्जमध्ये ग्रंथी आपणहून उधळत नाही. शरीराच्याच संरक्षण यंत्रणेनं तयार केलेली प्रतिपिंडं तिला मागून पराणी टोचत असतात, टीआरएबी नावाच्या तपासणीत दिसतात ती. धमनी बंद करणं म्हणजे बैलाची वैरण तोडणं. पराणीचा हात तसाच राहतो. ऑपरेशननंही तो हात लगेच थांबत नाही, पण तिथे टोचायला बैलच उरत नाही. धमन्यांच्या उपायात मात्र थोडा बैल मुद्दाम शिल्लक ठेवतात, आणि शरीर फार हुशार असतं. एक वाट बुजली की आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रुंदावून रक्त पोचवतं. म्हणून काहींना हा उपाय लागू पडतो, काहींच्या गोळ्या नुसत्या कमी होतात, काहींना आजार परत गाठतो आणि काहींची ग्रंथी इतकी मरते की शेवटी ती ‘जन्मभराची गोळी’ घ्यावीच लागते. तुमचा नंबर यातल्या कुठल्या रांगेत लागेल हे आधी सांगता येत नाही. ‘जन्मभराची गोळी नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्याला मी एवढंच विचारीन : कशावरून?

त्या गोळीबद्दल, म्हणजे थायरॉक्सिनबद्दल, बोलूच. मला वाटतं, तुमच्या सगळ्या पत्राच्या बुडाशी हीच गोळी आहे. तुमच्या मनात ती म्हणजे हरल्याची खूण. मी बारा वर्षं ती घेते. उशाशी बाटली असते, सकाळी उठलं की एक गोळी, घोटभर पाणी, मग अर्ध्या-पाऊण तासानं चहा. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर चार तासांचं अंतर. संपला विषय. दिवसाचा खर्च कटिंग चहापेक्षा कमी. कार्बिमॅझोलसारखं हे बाहेरचं औषध नव्हे. ग्रंथी जे बनवते तेच बाटलीतून घ्यायचं. स्वित्झर्लंडच्या बर्न गावातल्या थिओडोर कोखर यांना १९०९ साली थायरॉइडवरच्या कामासाठी नोबेल मिळालं, पण १८८३ साली त्यांनीच प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं, की अख्खी ग्रंथी काढलेली आपली माणसं मंद होत गेली, सुजली, त्यांची वाढ खुंटली. तेव्हा गोळी नव्हती ना! १८९१ साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. ती त्या उपचारावर पुढे अठ्ठावीस वर्षं जगली. अर्क काढायला मेंढ्या किती लागल्या असतील देव जाणे. आपल्याला औषधाच्या दुकानापर्यंत जावं लागतं, एवढंच.

आता अणुबॉम्ब. सासूबाईंना नावं ठेवू नका. ‘रेडिओ’ हा शब्द ऐकून भल्याभल्यांचे चेहरे उतरलेले मी पाहिलेत. पण गमतीचा भाग असा की किरणांच्या भीतीनं तुम्ही ज्या उपायाकडे वळलात तो अथपासून इतिपर्यंत एक्स-रेखालीच चालतो. धमनी शोधायची, नळी सरकवायची, कण सोडायचे, सगळं मानेवर एक्स-रे चालू ठेवून. रेडिओआयोडीन त्या मानानं अगदीच निरुपद्रवी दिसतं : एक कॅप्सूल किंवा घोटभर पातळ औषध. ग्रंथीला आयोडीनची हाव असते, ती ते ओढून घेते आणि आतूनच करपते. त्याचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो. हे आयोडीन आपल्याकडे मुंबईत ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार होतं, आणि त्याच केंद्राचं परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून थायरॉइडचे रुग्ण पाहतंय. कॅन्सरचं म्हणाल तर ऐंशी वर्षांच्या वापरात मोठी वाढ दिसलेली नाही. अगदी बारीक धोका असेल का, यावर तज्ज्ञांची चर्चा अजून होते, आणि ते मी तुमच्यापासून दडवणार नाही.

तरीही तुमच्या बाबतीत सासूबाईंचं कारण चुकलं, उत्तर बहुधा बरोबर आहे. याचं कारण तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलंत : दुसरं मूल. माझ्या मते सगळा निर्णय त्या ओळीवर उभा आहे. रेडिओआयोडीननंतर निदान सहा महिने दिवस जाऊ द्यायचे नसतात. शिवाय ते घेतल्यावर प्रतिपिंडं आधी वाढतात आणि वर्षभर किंवा त्याहूनही जास्त चढी राहू शकतात. ती वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि बाळाच्या थायरॉइडलाही पराणी टोचू शकतात. डोळे लाल होत असतील, पुढे आल्यासारखे वाटत असतील (तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण आरशात नीट पाहा आणि नेत्रतज्ज्ञांना दाखवा), तर रेडिओआयोडीननं ते बिघडण्याची शक्यता असते. आणि सहा वर्षांच्या लेकीला काही दिवस कुशीत घेऊन झोपता येणार नाही, हेही आहेच. ज्यांना मूल नको आहे, डोळे ठीक आहेत, त्यांच्यासाठी हाच उपाय अगदी सुटसुटीत ठरतो. म्हणून शेजारणीला मानवलं ते मला मानवेल, हा हिशेब इथे चालत नाही.

कार्बिमॅझोलवर असताना दिवस गेले तर तेही बरं नाही. गर्भ घडण्याच्या पहिल्या आठवड्यांत या औषधानं काही जन्मदोष संभवतात, त्यामुळे त्या काळात सहसा प्रोपिलथायोयुरॅसिल देतात, आणि त्याची यकृतावर नजर ठेवावी लागते. तेव्हा आज, आत्ता, काहीही ठरलेलं नसताना पाळी चुकली तर थांबून राहू नका. त्याच दिवशी घरच्या घरी टेस्ट करा आणि डॉक्टरांना फोन लावा.

राहिलं ऑपरेशन. तुमच्या आवाजाच्या भीतीला मी हसणार नाही. थायरॉइडच्या मागून स्वरयंत्राच्या नसा जातात हे खरंच आहे. एक नस दुखावली तर आवाज घोगरा होतो. दुसरी एक बारीक शाखा वरच्या धमनीच्या अंगालगत जाते, तिला इजा झाली तर बोलणं ठीक राहतं पण वरचे स्वर लागत नाहीत. अमेलिता गाली-कुर्ची नावाच्या प्रख्यात ऑपेरा गायिकेचं १९३५ साली शिकागोत गलगंडाचं ऑपरेशन झालं आणि त्यात तिचा आवाज गेला, ही कथा सर्जन मंडळी पिढ्यान्पिढ्या सांगत आली. ती नस तिच्या नावानंच ओळखली जाते. पुढे काहींनी जुनी कागदपत्रं चाळून कथेवरच शंका घेतली, कारण आवाज आधीपासूनच उतरणीला लागला होता. पण त्या कथेनं एक भलं केलं, सर्जन त्या नसेला जपायला लागले. आणि लक्षात घ्या, जी धमनी बंद करून तुम्ही ऑपरेशन टाळणार, तिच्याच शेजारून ती नस जाते. एम्बोलायझेशननंतरही काहींचा आवाज काही काळ बसल्याचं नोंदलेलं आहे.

आवाज वाचवण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे जो सर्जन हेच काम सतत करतो तो गाठणं. वर्षाला पंचवीसपेक्षा जास्त थायरॉइड करणाऱ्यांच्या हातून गुंतागुंत कमी होते असं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलंय. समोर बसून विचारा, ‘डॉक्टर, गेल्या वर्षी तुम्ही अख्खी थायरॉइड काढण्याची किती ऑपरेशनं केली? किती जणांचा आवाज कायमचा बिघडला? कॅल्शियम किती जणांना कायम लागलं?’ आपल्याकडे डॉक्टरांना असं विचारणं उद्धटपणाचं वाटतं. पण पाटल्या करताना सोनाराला घडणावळ विचारतोच ना आपण? चांगला सर्जन रागावत नाही. तुम्ही गाता हे पहिल्याच भेटीत सांगा, ऑपरेशनआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू तपासून नोंद करून घ्या, आणि नसेवर लक्ष ठेवणारं यंत्र वापरतात का तेही विचारा. नंतरच्या दिवसांत ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर ते कॅल्शियम उतरल्याचं लक्षण. अंगावर काढायचं नाही. व्रणाचं काय सांगू? मानेच्या मूळच्या वळीत आडवा घेतात, वर्ष-दीड वर्षात मंगळसूत्राच्या काळ्या पोतीपलीकडे तो बघायला कुणी येत नाही.

ऑपरेशननंतर थायरॉक्सिनचा डोस बसला, दोन तपासण्या नीट आल्या की बाळाचा विचार करता येतो. प्रतिपिंडंही हळूहळू उतरत जातात. दिवस राहिले की डोस साधारण पाव हिश्शानं वाढवावा लागतो, आणि ग्रंथी काढलेली असली तरी गरोदरपणात टीआरएबी तपासायला सांगायचं. प्रसूतितज्ज्ञांच्या गर्दीच्या ओपीडीत ही गोष्ट नजरेतून सुटते.

तेव्हा तुमच्या जागी मी असते तर? वर्ष-दोन वर्षांत मूल हवं असेल तर सराईत सर्जनकडून ऑपरेशन. मूल तीन-चार वर्षं लांबवायचं असेल, ग्रंथी फार मोठी नसेल आणि कमी डोसवर रिपोर्ट नीट राहत असतील, तर चौथी एक वाट आहे जी तुमच्या पत्रात नव्हती : कार्बिमॅझोल लहान डोसात आणखी काही वर्षं चालू ठेवणं. दीड वर्षानंतर गोळ्या थांबवल्यावर साधारण निम्म्या लोकांचा आजार परत येतो, तेव्हा तुमचं काही चुकलं म्हणून हे झालं असं समजू नका. तेहरानमधल्या संशोधकांनी लहान डोस वर्षानुवर्षं देऊन पाहिलाय आणि बहुतेकांना तो सोसतो. ‘कायमचा उपाय याच महिन्यात’ अशी घाई तुमच्या आजाराला नाही. एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना, एकदा गाठा. सांगली-मिरज, कोल्हापूर, पुणे, जिथे सोयीचं पडेल तिथे.

एम्बोलायझेशन कुणी करावं, हे इतर वाचकांसाठीही सांगते, कारण दिरांचा व्हिडिओ एव्हाना बऱ्याच घरांत फिरला असणार. मला डोळ्यांसमोर येतो तो सत्तरी ओलांडलेला, हृदय अधू झालेला माणूस, ज्याचा गलगंड छातीत उतरून श्वासनलिका दाबतोय आणि ज्याला भूल द्यायला कुणी धजत नाही. किंवा ज्यांना गोळ्या सोसत नाहीत आणि बाकीच्या दोन्ही वाटा खरोखरच बंद आहेत असे रुग्ण. किंवा अवाढव्य गलगंडाच्या ऑपरेशनआधी रक्तस्राव कमी व्हावा म्हणून. अशांनी जरूर विचार करावा, पण जिथे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, थायरॉइड सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट एका छताखाली आहेत अशाच ठिकाणी. विचारायचं ते असं : आजवर तुमच्या हातून किती झाल्या, त्यातल्या ग्रेव्ह्जच्या किती, वर्षभरानंतर किती जण गोळ्यांशिवाय आहेत, किती धमन्या बंद करणार, रात्री दोन वाजता स्टॉर्म झालं तर आयसीयूत कोण असेल. संशोधन म्हणून करत असतील तर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला क्रमांक मागा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा किडनी अधू असेल तर डायबद्दल आधीच बोला. विम्याच्या भरवशावर असाल तर पॉलिसीतलं ‘अनप्रूव्हन ट्रीटमेंट’ वगळणारं कलम वाचा आणि कंपनीचं उत्तर लेखी घ्या. गळ्यात एकच गाठ असून तीच जास्त हार्मोन सोडत असेल, तर सुईनं ती गाठ जाळण्याचा रेडिओफ्रिक्वेन्सीचा उपाय वेगळा आहे. लोक दोन्हींची गल्लत करतात. ग्रेव्ह्जमध्ये मात्र अख्खी ग्रंथीच पेटलेली असते.

दोन बारीक गोष्टी, पण विसरू नका. कार्बिमॅझोल चालू असताना ताप आला आणि घसा दुखायला लागला, तर हळद-दूध पिऊन वाट बघायची नाही. हे औषध क्वचित, हजारात दोन-चार जणांच्या, पांढऱ्या पेशी एकदम खाली आणतं. गोळी थांबवायची, त्याच दिवशी सीबीसी करायची आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे. निओमर्कॅझोलच्या (म्हणजे कार्बिमॅझोलच्याच) बाटलीवरच मी माझ्या रुग्णांना पेनानं लिहून द्यायचे : ‘ताप + घसा = बंद + रक्त तपासा’. तुम्हीही लिहा. दुसरं, ग्रेव्ह्जमध्ये केस गळतात, आणि केस गळायला लागले की कुणीतरी बायोटिनच्या गोळ्या हातात ठेवतंच. बायोटिन काही लॅबच्या यंत्रांना चकवतं. टीएसएच खोटा कमी, टी-फोर खोटा जास्त आणि टीआरएबीसुद्धा खोटी वाढलेली दिसू शकते. तुमचा थरथरता खडू खोटं बोलत नाही, आजार परत आलाय यात मला शंका वाटत नाही. पण तसल्या गोळ्या घेत असाल तर पुढच्या रक्ततपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबलाही सांगा. सागरी शेवाळाच्या गोळ्या, ‘थायरॉइड चूर्ण’ वगैरे कुणी दिलं असेल तर तेही बाजूला. त्यात आयोडीन किती हे कुणालाच माहीत नसतं.

आणि दिरांवर रागावू नका. आपल्या वहिनीसाठी रात्री बसून व्हिडिओ शोधणारा दीर सगळ्यांच्या नशिबी नसतो. फक्त आता त्यांना दुसरं काम द्या : पुण्या-मुंबईत आणि मिरज-कोल्हापूर भागात वर्षाला पन्नास-साठ थायरॉइड करणारे सर्जन कोण आहेत, ती नावं शोधून त्यांची अपॉइंटमेंट घ्यायची. जाताना तीन वर्षांचे सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून न्या, एक टीआरएबी नव्यानं करून घ्या, आणि नवऱ्याला बरोबर न्या. सासूबाई यायला तयार असतील तर त्यांनाही. अणुबॉम्बचं त्यांनी स्वतःच विचारलेलं बरं.